संगणक भंगारात काढण्यापूर्वी 'सेटअप'चे पान उघडून पाहा

रत्नागिरीच्या बाजारपेठेत गल्ल्याशेजारी संगणक नाही असे दुकान आज विरळाच. रामआळीतील कापडाचे दुकान असो, मिरकरवाड्यात जाळी आणि दोर विकणारा असो की मारुती मंदिरच्या बाजूचा औषधवाला असो. बिल संगणकावर, उधारी संगणकावर, मालाचा साठाही संगणकावर. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि तोवर ज्यांनी टाळाटाळ केली होती त्यांनाही हे यंत्र घ्यावे लागले. मात्र या यंत्राच्या बाबतीत आपला दुकानदार अजून पूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला किंवा तराजूचा काटा अडकला तर काय बिघडले ते आपल्याला कळते. संगणक अडला की आपण खोके उचलून देतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो.

या विषयाकडे वाचकांचे लक्ष आत्ताच वेधण्याचे एक कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत सुरक्षा-पुरवठा बंद केला. तेव्हापासून 'तुमचा संगणक जुना झाला, त्यावर विंडोज ११ चालणार नाही, नवा घ्या' हा सल्ला सर्रास ऐकू येतो. काही यंत्रांच्या बाबतीत तो खरा आहे. काहींच्या बाबतीत मात्र आतली एक नोंद बदलली की काम भागते. त्यातच २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने जगभर रॅम आणि एसएसडी यांचे भाव चढले. अशा वेळी चालते यंत्र भंगारात घालणे छोट्या दुकानदाराला परवडणारे नाही. म्हणून संगणकाची निगा आणि त्याचे 'सेटअप' याविषयी दुकानदाराला जेवढे कळले पाहिजे तेवढे येथे मांडत आहोत. कारागीर व्हावे असा आमचा आग्रह नाही. कारागिराशी बोलताना आपल्याला दोन गोष्टी माहीत असाव्यात, एवढेच.

सेटअप म्हणजे काय?

संगणकाचे बटन दाबले की विंडोज दिसण्यापूर्वी काही क्षण काळा पडदा किंवा कंपनीचे चिन्ह दिसते. त्या काही क्षणांत मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला कार्यक्रम चालतो. रॅम जागेवर आहे का, कीबोर्ड जोडला आहे का, डिस्क कोणती, हे तो तपासतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. या कार्यक्रमाला बायोस म्हणतात. हा शब्द १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल या अमेरिकन तंत्रज्ञाने आपल्या सीपी/एम प्रणालीसाठी वापरला. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यातही बायोस होता. १९८४ साली आयबीएमच्या एटी या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आणि सेटिंग साठवणारी छोटी स्मृती आली. पुढच्या वर्षी सुब्रमणियम शंकर या भारतीय अभियंत्याने अमेरिकेत आपल्या भागीदारासह अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी काढली. संगणक सुरू होताना पडद्यावर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल; जगभरच्या कितीतरी मदरबोर्डांवर याच कंपनीचा बायोस असतो. २००५ पासून यूईएफआय नावाची नवी पद्धत पुढे आली आणि आजच्या यंत्रांत तीच आहे. तरी बाजारात सगळे अजून 'बायोस' किंवा 'सेटअप' असेच म्हणतात. आम्हीही तेच शब्द वापरू.

सेटअपचे पान उघडण्यासाठी संगणक सुरू होताच एक ठरावीक कळ दाबत राहावी लागते. बहुतेक सुट्या मदरबोर्डांवर ती 'डिलीट' असते. डेलच्या यंत्रावर एफ-२, एचपीच्या यंत्रावर एफ-१०, लेनोवोच्या अनेक डेस्कटॉपवर एफ-१. पान उघडून नुसते वाचल्याने काही बिघडत नाही. बाहेर पडताना 'न साठवता बाहेर' हा पर्याय घेतला की झाले. कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण भाव करत नाही. जुना संगणक विकत घेतानाही हे पान उघडायला लावावे. प्रोसेसर कोणता, रॅम किती, बायोसची तारीख काय, आधीच्या मालकाचा पासवर्ड तर राहिलेला नाही ना, हे सारे तेथेच दिसते. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडमार्गे गावोगावी येतात. त्यांत चांगला माल असतो, पण पासवर्डने कुलूपबंद यंत्र गळ्यात पडले तर व्यवहार तोट्याचा होतो.

एका बटन-सेलचा प्रताप

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल बसवलेला असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर आणि दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ याच सेलवर चालते. अनेक मदरबोर्डांवर सेटअपमधील नोंदीही याच सेलच्या जोरावर टिकतात. संगणक बंद पण भिंतीवरचे बटन चालू असेल तर घड्याळाला विजेच्या लाइनवरून आधार मिळतो आणि सेल वाचतो. आपल्याकडे आगीच्या आणि विजांच्या भीतीने दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची रीत आहे. ती रीत शहाणपणाचीच आहे, सोडू नये. मात्र त्यामुळे सेल रोज रात्रभर खर्च होतो आणि लवकर संपतो, हे ध्यानात ठेवावे.

सेल संपला की काय होते? सकाळी संगणक सुरू केला की घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते. पडद्यावर 'एफ-१ दाबा' असा संदेश येतो. ती कळ दाबून पुढे गेले तरी दुखणे तसेच राहते. इंटरनेटवरील प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' म्हणून दार लावतो. जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, बँक उघडत नाही. दुकानदाराला वाटते इंटरनेट गेले किंवा व्हायरस आला, आणि विवरणपत्राची शेवटची तारीख डोक्यावर असते. हा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट बिलाची आहे. जीएसटीच्या नियमांनुसार प्रत्येक बिलावर तारीख आणि सलग अनुक्रमांक हवा. जे बिलिंग सॉफ्टवेअर संगणकाच्या घड्याळावरून तारीख उचलते, ते सेल मेल्यावर मुकाट्याने जुनी तारीख छापत राहते. रमजान ईदच्या गर्दीत किंवा गणपतीपूर्वी चाकरमानी आले असताना बिलावरची तारीख कोण पाहतो? हिशेबनीसासमोर वर्षअखेरीस कागद जातात तेव्हा अनुक्रमांक एक सांगतो आणि तारीख दुसरेच सांगते. यात फसवणूक नव्हती हे मग दुकानदाराला समजावून सांगत बसावे लागते. म्हणून आमची पहिली सूचना: दर दोन-तीन वर्षांनी, आगोटीच्या तयारीत, हा सेल न मरताच बदलून टाकावा.

'फॉरमॅट मारावे लागेल' हे ऐकण्यापूर्वी

सेल संपल्यावर किंवा काढल्यावर अनेक यंत्रांत आणखी एक गोष्ट घडते आणि दुकानदाराचे खरे नुकसान तिथे होते. सेटअपमधील सर्व नोंदी कारखान्यातून आल्या तशा होतात. त्यांत दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, डिस्कशी बोलण्याची पद्धत. सेटअपमध्ये तिला साटा मोड म्हणतात आणि तिचे आयडीई, एएचसीआय, रेड असे पर्याय असतात. विंडोज टाकताना एएचसीआय होते आणि आता नोंद आयडीई किंवा रेडवर गेली, तर विंडोजला आपली डिस्क ओळखता येत नाही. निळा पडदा येतो, यंत्र पुन्हा सुरू होते, पुन्हा निळा पडदा. दुसरी नोंद सुरू होण्याच्या पद्धतीची: जुनी लेगसी की नवी यूईएफआय. ही उलटी झाली की 'सुरू करण्यासारखी डिस्क नाही' असा संदेश येतो.

दोन्ही प्रसंगी डिस्क शाबूत असते, विंडोज शाबूत असते आणि हिशेबही शाबूत असतो. नोंद पूर्ववत केली की यंत्र जसेच्या तसे उभे राहते. पण घाईतला कारागीर निळा पडदा पाहतो आणि सांगतो, 'विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल.' फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. अगोदर डेटा काढून घेतला नसेल तर उधारीची वही त्याच पाटीसोबत पुसली जाते. ज्या दुकानात निम्मा धंदा ओळखीवर आणि महिन्याच्या उधारीवर चालतो, तेथे हे नुकसान नव्या संगणकाच्या किमतीपेक्षा मोठे असू शकते.

यावर उपाय सोपा आहे. यंत्र नीट चालत असताना सेटअपची सर्व पाने एकदा उघडावी आणि मोबाइलने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. बिघाडाच्या दिवशी कारागिराला ती छायाचित्रे दाखवावी आणि विचारावे, 'साटा मोड आणि बूट मोड पूर्वीसारखे आहेत का, ते आधी पाहा.' एवढ्या प्रश्नाने समोरच्यालाही कळते की मालकाला काही समजते.

विंडोज ११ चा प्रश्न

आता नव्या खरेदीच्या सल्ल्याकडे वळू. विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या अटींपैकी चार आपल्याला समजल्या पाहिजेत. प्रोसेसर मान्य यादीतला हवा. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीमध्ये साधारणपणे रायझेन २००० मालिकेपासून पुढचा. रॅम किमान ४ जीबी हवी. यंत्र यूईएफआय पद्धतीचे आणि सिक्युअर बूट करू शकणारे हवे. आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचे अंग हवे.

गोंधळ होतो तो या शेवटच्या अटीवर. टीपीएम म्हणजे मदरबोर्डवर बसवलेली वेगळी चिप असा अनेकांचा समज आहे. आठव्या पिढीनंतरच्या बहुतेक डेस्कटॉप यंत्रांत हे काम प्रोसेसर आणि बायोस मिळून करू शकतात. इंटेलच्या मदरबोर्डवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम. २०२१ पूर्वी विकलेल्या पुष्कळ सुट्या मदरबोर्डांवर ही नोंद बंद ठेवलेली होती, कारण तेव्हा तिची गरज कोणाला नव्हती. विंडोज ११ जाहीर झाल्यावर अनेक मदरबोर्ड कंपन्यांनी नवे बायोस काढून ती चालू करून दिली. ज्याने २०१८ किंवा २०१९ साली चांगला संगणक घेतला, त्याचे यंत्र आजच्या तपासणीत 'नापास' दाखवत असेल तर कारण बहुधा इथेच सापडते. सेटअपमध्ये जाऊन ती नोंद चालू करायची, साठवायची आणि तपासणी पुन्हा करायची. सुरक्षा किंवा प्रगत असे नाव असलेल्या पानावर ती मिळते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे भाग आहे. यंत्र जुन्या लेगसी पद्धतीने चालत असेल तर थेट यूईएफआय करू नये. डिस्कची मांडणी आधी एमबीआरमधून जीपीटीमध्ये बदलावी लागते. विंडोज १० मध्येच त्याचे साधन आहे आणि त्याने डेटा जात नाही. तरीही पूर्ण नक्कल काढल्याशिवाय हा बदल कोणालाही करू देऊ नये. दुसरे, डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लागलेले असेल तर टीपीएमची किंवा सिक्युअर बूटची नोंद बदलल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती हरवली तर डिस्क समोर असून हिशेब हाती लागत नाही.

ज्यांचा प्रोसेसरच जुना आहे, समजा चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा, त्यांच्यासाठी सेटअपमध्ये इलाज नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षेची जादा मुदत नोंदणीवर जाहीर केली होती आणि धंद्याच्या यंत्रांसाठी वेगळी पैसे भरून योजना ठेवली होती. ज्याचे काम फक्त ब्राउझरमध्ये चालते त्याला उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकून जुने यंत्र वापरता येते. ज्याला विंडोजवरचेच हिशेबाचे सॉफ्टवेअर हवे आहे त्याने नवे यंत्र घेणेच बरे. आम्ही नव्या खरेदीच्या विरोधात नाही. खरेदी करण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी आणि टीपीएमची नोंद या दोन गोष्टी स्वतः वाचाव्या, एवढेच सांगणे आहे.

आपली हवा आणि आपली वीज

संगणकाच्या पुस्तकांत लिहिलेली निगा कोरड्या, थंड खोलीसाठी असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वारा समुद्रावरून खारा येतो. कापडाच्या गठ्ठ्याला जून ते सप्टेंबर जशी ओल लागते तशी ती रॅमच्या सोनेरी पट्ट्यांनाही लागते. त्यांवर बारीक थर चढतो, संपर्क सुटतो आणि यंत्र सुरू न होता बीप देत बसते. एकसारखे लांब बीप येऊ लागले तर बहुतेक वेळा ती रॅमची तक्रार असते. प्लग काढावा, हात लोखंडी कॅबिनेटला लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्या आणि परत घट्ट बसवावी. नवीन रॅम घेण्यापूर्वी हे करून पाहावे. पावसाळ्यात दुकान दोन-चार दिवस बंद असले तरी मध्ये एकदा अर्धा तास संगणक चालवावा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.

कापडवाल्यांचा आणखी एक खास शत्रू आहे. तागा फाडला, दुपट्टा झटकला की बारीक तंतू उडतात. पंखा ते आत ओढतो आणि प्रोसेसरवरील हीट-सिंकच्या पात्यांत त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. मग यंत्र दुपारी आपोआप बंद पडते किंवा इतके संथ होते की गिऱ्हाईक कंटाळते. सेटअपमध्ये हार्डवेअर मॉनिटर नावाचे पान असते. त्यावर प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याची गती दिसते. काही काम चालू नसताना तापमान सत्तर-ऐंशी अंशांकडे जात असेल तर आत कचरा साचला आहे किंवा प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट सुकला आहे असे समजावे. वर्षातून दोनदा ब्लोअरने सफाई करावी; हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग जाते. सीपीयूचे खोके जमिनीवर न ठेवता फूटभर उंचीवर ठेवले तर तंतू कमी जातात आणि फरशीची ओलही लागत नाही.

विजेचे म्हणाल तर, तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. जांभ्याच्या कातळावर उभ्या असलेल्या इमारतींत अर्थिंग नीट मिळवणे कठीण असते. कोळसा आणि मीठ घालून केलेला जुना खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर संगणकवाल्याला नव्हे, आधी वायरमनला बोलवावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असावा असे जाणकार कारागीर मानतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की मेन प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. त्या वाटेनेही धक्का आत येतो.

सेटअपमध्ये 'वीज परत आल्यावर काय करावे' अशी एक नोंद असते. पर्याय तीन: बंद राहावे, चालू व्हावे, पूर्वीच्या स्थितीत जावे. जेथे वीज जाते, येते, पुन्हा जाते, तेथे 'बंद राहावे' हेच ठेवावे. पहिल्या झटक्यातला कमी-जास्त दाब यंत्राने अंगावर घेण्याचे कारण नाही. आखातातून आणलेले जुने संगणक वापरणाऱ्यांनी मागच्या बाजूचा छोटा लाल स्विचही पाहावा. सौदी अरेबियात अनेक ठिकाणी पूर्वी १२७ व्होल्टचा पुरवठा होता. स्विच ११५ वर असलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले की पॉवर सप्लाय तत्क्षणी जातो.

बायोस बदलावा का?

बायोसची नवी आवृत्ती टाकता येते, पण उगाच टाकू नये. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत असल्याचे उघड झाले. त्याची दुरुस्ती नव्या बायोसमधूनच आली आणि इंटेलने त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. अशा कारणासाठी किंवा टीपीएमच्या नोंदीसाठी नवा बायोस टाकणे योग्य. 'नवी आवृत्ती आली आहे' एवढ्यासाठी टाकणे व्यर्थ.

टाकताना मदरबोर्डचा अचूक मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती पाहून फाइल त्याच कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. यंत्र यूपीएसवर असावे. मध्येच वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते आणि यंत्र पूर्ण मुके होते. मग आठ पायांची ती चिप वेगळ्या उपकरणाने पुन्हा लिहावी लागते. हे काम होते, पण सर्वांना येत नाही. या चिपवर घातलेल्या घावाचा मोठा दाखला २६ एप्रिल १९९९ चा आहे. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसलाच, शिवाय काही मदरबोर्डांचा बायोसही खराब केला. अनधिकृत ठिकाणाहून आणलेली फाइल या चिपमध्ये जाऊ देऊ नये, हा त्याचा धडा आजही लागू आहे.

चिपळूणचा पूर

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पुरात बुडाली. आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी त्या दिवशी माल गमावला आणि मालाबरोबर हिशेबही. अशा प्रसंगी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भिजलेले यंत्र 'चालते का पाहू' म्हणून कधीही सुरू करू नये. हार्ड डिस्क बाहेर काढावी. ती उघडू नये, उन्हात किंवा हेअर ड्रायरने सुकवू नये. भिजल्या अवस्थेतच पिशवीत बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे पाठवावी. सुकलेला गाळ डिस्कच्या तबकडीवर चिकटला की परत मिळण्याची आशा कमी होते.

खरा उपाय त्याआधीचा आहे. हिशेबाची नक्कल रोज रात्री पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो घरी न्यावा. आठवड्यातून एकदा इंटरनेटवरही ठेवावी. दुकानातल्याच कपाटात ठेवलेली नक्कल पूर आणि आग दोन्हींत मूळ प्रतीबरोबरच जाते.

मालक, कारागीर आणि अमानत

मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. आपले बुजुर्ग ती ताकीद वहीत पाळत आले. आज ती वही संगणकात आहे. म्हणून वहीची शाई जशी आपण पाहून घेत होतो तशी संगणकाची तारीख, नक्कल आणि कुलूप पाहणे आपल्याच जबाबदारीत येते. ती कारागिरावर ढकलता येत नाही.

कारागिराच्या बाजूनेही काही अपेक्षा आहेत. दुरुस्तीला आलेले यंत्र ही अमानत आहे. त्यातील हिशेब आणि घरची छायाचित्रे पाहण्याचा हक्क त्याला नाही. काढलेला भाग मालकाला परत दाखवावा. सेटअपला पासवर्ड घातला तर तो मालकाला लिहून द्यावा. पासवर्ड आपल्याकडे ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची रीत हलाल कमाईत बसत नाही. सेल बदलून 'मदरबोर्ड दुरुस्त केला' म्हणून पैसे घेणे म्हणजे माप मारणेच. उलट पाच मिनिटांचे काम असले तरी त्याला ज्ञान लागते. 'सेलच तर बदलला' म्हणून कारागिराची मजुरी कापणारा मालकही इन्साफ करत नाही.

सरकारनेही या बाजूला लक्ष दिले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे जुने संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजेत. मदरबोर्डात शिसे असते. तो भंगारवाल्याच्या हाती जाळायला देणे शेजाऱ्यांच्या मुलांच्या आरोग्याला बाधक आहे.

मुलांसाठी एक हुनर

शेवटी, आपल्या मोहल्ल्यातील मुलांविषयी. दहावी-बारावीनंतर पासपोर्ट काढून आखाताची वाट पाहणे ही कोकणी मुसलमान घराण्यांची जुनी सवय आहे. जाणाऱ्याने जरूर जावे, पण हातात हुनर घेऊन जावे. संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभाल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आहे आणि दहावी पास मुलगा किंवा मुलगी त्याला बसू शकते. घरी बसून दुरुस्ती करू इच्छिणाऱ्या मुलींसाठी तर हे काम विशेष सोयीचे. स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, ब्लोअर, थर्मल पेस्ट, काही बटन-सेल आणि एक पेन ड्राइव्ह एवढ्या भांडवलावर सुरुवात होते. गावात यंत्रे आहेत, पाऊस दरवर्षी पडणार आहे आणि सेल दर काही वर्षांनी संपणारच आहे. धंद्याची कमतरता नाही. विश्वासाच्या कारागिराची आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आणि जमातींनी मे महिन्यात एक दिवस ठरवून, शिकलेल्या मुलांना बसवून, दुकानांच्या संगणकांची सफाई आणि तपासणी योग्य मजुरीत करून द्यावी. मुलांना गिऱ्हाईक मिळेल आणि दुकानदाराला पावसाळा निर्धास्त जाईल.

तोवर प्रत्येकाने एक काम आजच करावे. एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे: यंत्राचा मॉडेल क्रमांक, प्रोसेसरची पिढी, सेल बदलल्याची तारीख, सफाईची तारीख, साटा मोड, बूट मोड, टीपीएम चालू की बंद. हा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड आणि बिटलॉकरची किल्ली मात्र त्यावर लिहू नये. ती घरच्या तिजोरीत, दुकानाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.